पाचला येईन, गाडी पाठवा

नोकरीच्या फॉर्मवर सात वारांचे आणि वेळांचे चौकोन होते. वर विचारलं होतं, ‘आपण कधी उपलब्ध असाल?’ मी सगळ्या चौकोनांत खुणा केल्या. सोमवार ते रविवार, पहाटे पाच ते रात्री दहा. एकही रिकामा सोडला नाही. गरजू माणसाला असा प्रश्न विचारणं हाच हलकटपणा आहे. विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक असतं. मी एक चौकोन रिकामा सोडला असता तर तो माझ्याच गल्लीतल्या दुसऱ्या पोरीनं भरला असता. हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

रिसॉर्टचं नाव मी लिहिणार नाही. त्या लोकांना वाईट लिहिलेल्याचीसुद्धा जाहिरात करता येते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. सिंदेवाहीच्या पलीकडे, जंगलाच्या गेटकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते आहे. आमचं खैरबोडी तिथून दोन किलोमीटर. मधे नाला, नाल्यावर कठडे नसलेला रपटा, दोन्ही बाजूंनी शिंदीची गच्च झुडपं. दिवसा तिथे बकऱ्या चरतात. अंधारात तिथून कोणी एकटं जात नाही. माझी आत्या बुधरी दोन वर्षांपूर्वी गेली होती, दिवस उगवायच्या आधी, सरपणाला. तिची फक्त पाटी परत आली.

तेव्हापासून गावाची एक रीत आहे. कोणाला अंधारात नाला ओलांडायचाच असेल, म्हणजे बाळंतपण आहे, साप चावला आहे, तर सात घरांतून एकेक माणूस उठतो. हातात काठी आणि तेलाचा रिकामा पिपा. पिपे बडवत, आरोळ्या देत त्या माणसाला पलीकडे पोचवायचं आणि तसंच बडवत परत यायचं. जनावर आवाजाला कंटाळून बाजूला सरकतं. याला आम्ही ‘सोबत’ म्हणतो. सोबत मागितली की नाही म्हणायची पद्धत नाही. म्हणूनच ती कोणी उगाच मागत नाही.

तर मला नोकरी लागली. किचन आणि हाउसकीपिंग, पहाटे पाच ते दुपारी दोन. सहाला पाहुणे सफारीला निघतात, त्यांचे नाश्त्याचे डबे त्याआधी भरून गाडीत ठेवायचे. एक डिसेंबरपासून यायचं, असं पत्र आलं. मी सही करून दिली. आईनं गल्लीत गूळ वाटला.

आणि वीस नोव्हेंबरला नाल्यात वाघीण आली. पिल्लं घेऊन आली. रपट्याच्या ओल्या रेतीत मोठे पंजे आणि भोवती लहान पंजे. आमचे पोलीस पाटील कोलूभाऊ यांनी भोंग्यावरून सांगितलं, उजेड पडल्याशिवाय नाल्याकडे कोणी फिरकायचं नाही.

मी रिसॉर्टच्या मॅनेजरला फोन लावला. पियुष सर, नागपूरचे. हिरव्या शर्टावर खिशाजवळ वाघाचं तोंड शिवलेलं. खरा वाघ त्यांनी फक्त गाडीत बसून पाहिलेला. गाडीत बसून पाहिलेला वाघ आणि टीव्हीवरचा वाघ यांत फरक एवढाच की टीव्ही पाहताना धूळ खावी लागत नाही.

“सर, मी पुनम, खैरबोडीची. एक तारखेपासून येणार आहे ती.”

“हां, बोल ना.”

“सर, मला पाचला नाही जमणार. आठला येते. आठ ते पाच करा.”

“काऊन? लग्न ठरलं काय?”

“नाही सर. नाल्यात वाघीण आहे. पिल्लं आहेत तिला.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मला वाटलं, माणूस घाबरला, माझ्या जिवाचा विचार करून राहिला. मग त्यांनी विचारलं, “किती पिल्लं?”

“दोन असतील नाही तर तीन. जवळ जाऊन कोणी मोजली नाहीत.”

“ओके, ओके. पण हे बघ पुनम, तू फॉर्ममध्ये सगळ्या टाइमला टिक केलं आहे. ऑफर ॲक्सेप्ट केली. आता तू अव्हेलेबिलिटी चेंज करून राहिली. असं नाही होत. पाचचंच तर काम आहे. आठला येऊन काय करशील, उष्ट्या प्लेटा मोजशील?”

“फॉर्म भरला तेव्हा वाघीण नव्हती सर.”

“जंगल आहे. वाघ राहीलच ना. लोक बंबईहून येतात पाहायला. तुला तर फुकट दिसून राहिला.” आणि हसले. स्वतःच्या विनोदावर हसणारा माणूस मी आधीही पाहिला होता, पण माझ्या मरणावर आधीच हसून घेणारा पहिल्यांदा ऐकला. शेवटी म्हणाले, “काही प्रूफ असेल तर आण. बघू.”

प्रूफ. वाघिणीचं आधार कार्ड आणायचं होतं बहुतेक.

मी कोलूभाऊंकडे गेले. त्यांनी पंचायतीच्या कागदावर पत्र लिहून दिलं. नाल्यात पिल्लांसह वाघीण आहे, सकाळी सातच्या आधी आणि संध्याकाळी सहाच्या नंतर कोणी ये-जा करू नये, अगदीच अडचण असल्यास समूहानं व आवाज करत जावं. खाली सही, शिक्का. कोलूभाऊ शाळेत सातवीपर्यंतच गेले, पण पत्र असं लिहितात की तहसीलदारानं शिकावं.

पियुष सरांनी पत्र वाचलं. दोनदा वाचलं. मग टेबलावर सपाट ठेवून, वरचा दिवा लावून, मोबाइलनं त्याचा फोटो काढला. मी म्हटलं, चला, मोठ्या साहेबांना पाठवून राहिले.

“मग सर, आठ वाजता?”

“पुनम, तू समजून नाही राहिली. एकाला दिलं तर सगळ्यांना द्या लागते. एक तारखेला पाचला ये. नाही तर सांग, लिस्टमध्ये अजून चौघी आहेत.”

“गाडी तरी पाठवा. सहा गाड्या उभ्या असतात तुमच्याकडे. दोन किलोमीटरचा तर प्रश्न आहे.”

“त्या गेस्टच्या गाड्या आहेत.”

संध्याकाळी मंगलीनं तिच्या मोबाइलवर मला दाखवलं. मंगली म्हणजे आमच्या शेजारची, माझ्या मागच्या वर्गातली. रिसॉर्टच्या पानावर कोलूभाऊंचं पत्र शिक्क्यासकट टाकलेलं. वर लिहिलेलं: ‘पिल्लांसह वाघीण आमच्या दारात! गावकऱ्यांना अधिकृत इशारा! नाताळच्या मोजक्याच खोल्या शिल्लक, आजच बुक करा.’ खाली हजारो बदाम. वाघिणीचं बारसंसुद्धा करून टाकलेलं, ‘नाल्याची महाराणी’. आम्ही रानात तिचं नाव घेत नाही, भीतीनं आणि मानानं. यांनी तिला नाव देऊन विकायलाही काढलं.

“तुयं पत्र फेमस झालं ना वं,” मंगली म्हणाली. “तुले टाइम भेटला का?”

“नाई.”

“मंग कायले गेली होती?”

नाताळच्या खोल्या तीन दिवसांत भरल्या. त्या भरल्या म्हणून मला निरोप आला की गर्दी आहे, पावणेपाचला ये. जीव वाचवायला दिलेल्या पत्रानं माझी वेळ आणखी पंधरा मिनिटं अंधारात ढकलली.

नोकरी सोडायची का? लिहिणं सोपं आहे की सोडून द्यायची. बारावीनंतर चार वर्षं मी धान कापत होते, रोवणे रोवत होते, मिरची तोडायला तेलंगणात जात होते. महिन्याच्या महिन्याला हातात पगार देणारं या रस्त्यावर दुसरं काहीच नाही. हे पियुष सरांना पक्कं ठाऊक होतं. त्यांची सगळी हुशारी तेवढीच होती.

एक तारखेला बाबा माझ्यासोबत निघाले. माझे बाबा लटारू, वय छप्पन, एका डोळ्यानं कमी दिसतं. एका हातात बॅटरी, खांद्यावर कुऱ्हाड. रपट्यावर ते मोठमोठ्यानं खाकरत चालले आणि मी त्यांच्या सदऱ्याचं टोक धरून. बावीस वर्षांची मी. पोचलो. मी आत गेले, पांढऱ्या ब्रेडला लोणी लावायला लागले, आणि तेव्हा माझ्या डोक्यात आलं: बाबा आता एकटे परत जातील.

इतकी साधी गोष्ट. मला पोचवणाऱ्याला कोण पोचवणार? फॉर्ममध्ये तो चौकोन नव्हता.

बाबांनी ठरवलं, उजेड पडेपर्यंत गेटजवळच बसायचं. पहिले दोन दिवस बसले. तिसऱ्या दिवशी गेटवरचा लोकेश, तो नागभीडचा, चांगला मुलगा आहे, खाली मान घालून त्यांना म्हणाला, “काका, इथी नोका बसू. सर चिडून राह्यले. गेस्टच्या गाड्या निघतात, कुऱ्हाड घेऊन माणूस बसलेला दिसला का लोक घाबरतात म्हणे.”

बघा. वाघ पाहायला पैसे मोजून आलेले लोक माझ्या बाबांना घाबरत होते.

बाबा उठले आणि अंधारात परत गेले. मला कोणी सांगितलं नाही. आठ दिवस ते तसेच एकटे जात राहिले आणि मला म्हणत राहिले, “बसतो ना मी गेटवर, बिडी ओढत. तू आपलं काम कर बाई.”

नवव्या दिवशी दुपारी घरी आले तर बाबा अंगणात दोर वळत होते आणि आई त्यांच्याशी बोलत नव्हती. मी विचारलं काय झालं.

“काई नाई,” बाबा म्हणाले. “रपट्यावर उभी होती.”

“कोण?”

“तेच. मी बी उभा राह्यलो. बॅटरी खाली केली. म्हटलं, जा माय, तुयी बी लेकरं हायेत, मायी बी हाये, तिले सोडून येऊन राह्यलो. आयकून घेतलं तिनं. मंग गेली.”

“किती लांब होती?”

बाबांनी दोराचं वळलेलं टोक पायाखाली दाबलं आणि अंगणातल्या तुळशीकडे पाहिलं. बाबांपासून तुळस पंधरा पावलं असेल. आई चुलीपुढून ओरडली, “आता बोल! आता सांग तिले, बिडी ओढत बसतो म्हणून!”

त्या संध्याकाळी मी स्वतः सोबत मागितली. कोलूभाऊंच्या ओसरीवर आठ-दहा जण होते. मला लाज वाटत होती. सोबत दुखण्याखुपण्याला असते, नोकरीला नाही, आणि रोज तर नाहीच नाही. डिसेंबरच्या थंडीत दुसऱ्याच्या ब्रेडला लोणी लावायला जाणाऱ्या पोरीसाठी सात माणसांनी उठायचं! मी तसं म्हणूनही दाखवलं.

सोमारी म्हातारी कोपऱ्यात बसली होती. ती म्हणाली, “बुधरीनं मागतली नाई सोबत. तिले बी लाजच वाटली होती.”

आमच्या गल्लीतल्या बिरजूनं फक्त विचारलं, “पावणेपाच म्हंजे, घरून चारलाच निंगा लागन काय?”

दुसऱ्या दिवशी सात पिपे निघाले. तिसऱ्या दिवशी अकरा, कारण पोरांना मजा वाटायला लागली. काय तो आवाज! पत्र्यावर काठ्या, वर आरोळ्या, बिरजू तर मधेच नाटकातल्या राजासारखा गर्जना करायचा. रपटा ओलांडून रिसॉर्टच्या भिंतीपर्यंत सगळे यायचे, मला आत सोडायचे आणि तसेच बडवत परत. परत जाताना बाबा मधे. काठावर कोणी नाही, सगळे एकमेकांच्या मधे.

पाचव्या दिवशी नाल्यात ताजे पंजे दिसले नाहीत. वाघीण पिल्लं घेऊन वरच्या पहाडीकडे सरकली. शहाणी होती. झोपेची किंमत तिलाही होती.

‘नाल्याची महाराणी’ पाहायला आलेल्या पाहुण्यांना तीन सकाळी तीन मोर आणि एक रानडुक्कर दिसलं. एका बाईंनी रिसॉर्टच्या पानावर लिहिलं, ‘पहाटे चारला टिनांचा भयंकर गोंधळ, झोप नाही, वाघ नाही.’ त्याला मिळालेले बदामही बरेच होते.

त्याच दिवशी दुपारी पियुष सर गावात आले. मला नोकरी देताना, पत्र मागताना, बाबांना हाकलताना त्यांनी खैरबोडी पाहिली नव्हती. आता गेस्टची गाडी घेऊन आले. गाडीतून उतरले ते नेमके शेणात.

“लटारूभाऊ, हे काय लावलं?”

“सोबत,” बाबा म्हणाले.

“सोबत ठीक आहे. आवाज कायले करता?”

“आवाज नाई केला तर ते सोबत कायची सायेब? मयत झाली ते.”

“अशानं वन्यप्राण्यांना त्रास होते. तुमच्यावर केस होईल, माहीत आहे?”

कोलूभाऊ पुढे झाले. “केस कशी होईन? समूहानं आणि आवाज करत जावं, असं मायाच पत्रात लिवून हाये. शिक्का हाये त्यावर. आन ते पत्र तुमीच तं जगाले दाखोलं. किती हजार लोकायनं वाचलं म्हणे?”

पोरं फिसकन हसली. पियुष सरांनी खिशाजवळच्या वाघावर हात ठेवला, पेन काढलं. बॅगेतून कागद काढला. मला बाजूला बोलावल्यासारखं केलं, पण मी जागची हलले नाही, म्हणून सगळ्यांसमोरच बोलावं लागलं.

“हे बघ पुनम, तुझा आठ ते पाच टाइम करून आणला. वरून ॲप्रूव्हल घेतलं. कारण लिहिलं आहे, वैयक्तिक. इथे सही कर, आणि हे पिपे बंद.”

जे महिनाभर होत नव्हतं, ते झालं होतं. नियमानं नाही, दयेनं नाही. एका बाईची झोपमोड झाली म्हणून. माझ्या बाबांचं मरण पंधरा पावलांवर येऊन गेलं तेव्हा नियम नियम होता.

मी कागद हातात घेतला. त्याच्या खाली दुसरा कागद चिकटून आला होता. तोही फॉर्मच. सगळ्या चौकोनांत खुणा आणि खाली सही: मंगली.

“पाचला ही येणार का?” मी विचारलं.

“ते मॅनेजमेंटचं काम आहे.”

मंगली तिथेच, लिंबाखाली उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, “काय पाहून राह्यली? तू आठला जाशीन तं पाचले कोणी तं पायजे. मले बी नोकरी पायजे.” तिचं काही चुकलं नव्हतं. मीही हेच केलं असतं. त्या फॉर्मची करामतच ही आहे. एकीनं चौकोन खोडला की दुसरीच्या पायाखाली तोच रपटा येतो, आणि मॅनेजरला हाताची घडीसुद्धा सोडावी लागत नाही.

मी आठ ते पाच खोडलं. पियुष सर म्हणाले, “अगं, ओरिजिनल कॉपी आहे.” मी समासात लिहिलं: ‘पहाटे पाचला येईन, घरी गाडी आली तर. गाडी नाही तर उजेड पडल्यावर. कारण: वाघीण.’ ‘वैयक्तिक’ हा शब्द इतका जोरात खोडला की कागद फाटला. खाली सही केली आणि पेन मंगलीपुढे धरलं. मंगली जरा वेळ पेनाकडे पाहत राहिली. मग तिच्या फॉर्मवर तेच लिहिलं, माझ्यापेक्षा चांगल्या अक्षरात.

“असं कंडिशनल नसते यार,” पियुष सर म्हणाले. “लिस्टमध्ये अजून तिघी आहेत.”

“कोन्या गावच्या?” बाबांनी विचारलं.

तिघीही खैरबोडीच्याच होत्या. दुसरं गाव जवळ होतंच कुठे? आणि तिघींपैकी दोघींच्या आया समोर पिपे घेऊन उभ्या होत्या.

“गाडी नाई तं नाई,” बिरजू आनंदानं म्हणाला. “आपल्याले काय, पिपे गावातच हायेत. नाताळपर्यंत तं पुरतेत.”

नाताळ म्हटल्यावर त्या माणसाच्या चेहऱ्यावरून काय काय सरकलं ते मी पाहिलं. मी ते जन्मभर विसरणार नाही, आणि मला त्याची दयाही आली नाही.

दुसऱ्या पहाटे साडेचारला गाडी दारात आली. मी आणि मंगली चढलो. मागच्या सीटवर आधीच दोन पाहुणे बसलेले, नवरा-बायको, मांडीवर हा एवढा कॅमेरा. सरांनी आमच्या फेरीचंही तिकीट काढलं होतं: ‘पहाटेची खास ग्रामीण सफारी’. मंगलीनं मला काहीतरी विचारलं तसं त्या बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. “शू... प्लीज. वाघ पळून जाईल.”

रपट्यावर ड्रायव्हरनं गाडी बंद केली. पाहुण्यांनी सांगितलं, थांबा. थांबलो. अर्धा तास, तास. शिंदीच्या झुडपात काहीच नव्हतं. पावणेसहा वाजले आणि माझा फोन वाजला.

“पुनम! डबे कुठे आहेत? बारा गेस्ट निघून राहिले! कुठे आहे तू?”

“सफारीवर आहे सर.”

“काय?”

“तुमच्याच गाडीत. गेस्ट म्हणतात, आवाज करू नका. ठेवू का?”

त्या दिवशी बारा पाहुणे उपाशी जंगलात गेले आणि परत येऊन त्यांनी जे काय ऐकवायचं ते पियुष सरांना ऐकवलं. पाण्याचा ग्लास घेऊन मीच मधे उभी होते, म्हणून सगळं ऐकलं. त्यानंतर गाडी रिकामी यायला लागली. वेळेवर येते. कधी उशीर झाला तर आम्ही घरातच बसून राहतो.

पहिल्यांदा रिकामी गाडी आली त्या सकाळी बाबांना कोणी उठवलं नाही. ऊन ओसरीवरून अंथरुणावर आलं, तोंडावर आलं, तरी ते उठले नाहीत. आईनं दोनदा जवळ जाऊन पाहिलं, श्वास चालू आहे का म्हणून.